रेघ कुठे नेते? कृष्णधवल फोटोची रचना, पहिल्यापासून

कृष्णधवल फोटो काढायला नव्याने सुरुवात करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव येतो. रंगीत बघताना फोटो छान वाटत असतो आणि रंग काढले की मलूल पडतो. मग कॉन्ट्रास्टचा स्लायडर ओढायचा, काळं आणखी काळं करायचं, आणि तरीही नजर फोटोत कुठेच ठरत नाही. अशा वेळी एडिटिंगला दोष देऊ नका. गोंधळ बहुतेकदा शटर दाबण्याआधीच झालेला असतो. आपण रंग बघून फोटो काढलेला असतो आणि दाखवायला मात्र हातात फक्त छटा उरतात.

मला हे एका बाकाने शिकवलं. गडद हिरव्या कुंपणासमोर लाल रंगाचा लांबलचक बाक होता. त्याच्या फळ्या माझ्या पायापासून निघून सरळ पलीकडच्या टोकाला जात होत्या आणि तिथे एक गृहस्थ वाचत बसले होते. नजरेला पुढे नेणारी रेघ होती, रेघेच्या टोकाला माणूस होता, उजेडही मऊ होता. घरी येऊन रंग काढले तर बाक नाहीसा! फळ्या आणि पानं एकाच करड्या छटेची झाली होती आणि गृहस्थ अधांतरी बसल्यासारखे दिसत होते.

असं का होतं ते आकड्यांत बघितलं की डोक्यात पक्कं बसतं. रंगाचं करड्यात रूपांतर करायचं एक जुनं आणि आजही वापरात असलेलं सूत्र लाल रंगाला २९.९ टक्के, हिरव्याला ५८.७ टक्के आणि निळ्याला ११.४ टक्के वजन देतं. डिजिटल फोटोत प्रत्येक रंग ० ते २५५ असा मोजतात. आता लाल २००, हिरवा ३०, निळा ३० अशी एक लाल छटा घ्या आणि लाल ५०, हिरवा १०५, निळा ४० अशी एक हिरवी छटा घ्या. गणित करून बघा, दोन्हींचं उत्तर ८१ च्या आसपास येतं. डोळ्याला एकमेकांवर ओरडणारे दोन रंग, कागदावर मात्र जुळे भाऊ.

म्हणून कृष्णधवल फोटोत रस्ता, तार, कठडा, फळी या वस्तू म्हणजे रेघ नव्हे. रेघ म्हणजे दोन वेगळ्या छटांची हद्द. शेजारच्या छटेपेक्षा रेघ पुरेशी उजळ किंवा पुरेशी गडद असेल तरच ती फोटोत उरते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १: कॅमेऱ्याला आधीच कृष्णधवल बघायला लावा

कॅमेऱ्यात मोनोक्रोम मोड निवडा आणि फाइल मात्र रॉ ठेवा, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची, प्रक्रिया न केलेली माहिती. स्क्रीनवर तुम्हाला करडं चित्र दिसेल, पण रॉ फाइलमध्ये रंगांची सगळी माहिती शाबूत राहील. ती पुढे लागणार आहे. नेहमीच्या, आकसलेल्या जेपीईजी फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. आकाशासारख्या सपाट भागात छटा ओढूनताणून बदलायची वेळ आली की हा फरक दिसतो. मोबाइलवर काढत असाल तर कॅमेरा ॲपमधला कृष्णधवल फिल्टर आधीच लावून ठेवा आणि मूळ रंगीत फोटोही जपला जातो का, ते एकदा काढून तपासा.

पायरी २: डोळे बारीक करा

समोरचं दृश्य दिसल्यावर कॅमेरा लगेच उचलू नका. पापण्या अर्ध्या मिटून बघा. बारकावे पुसले जातात आणि उजळ-गडद ढीग उरतात. सुरुवातीला तीनच ढीग मोजा: काळा, मधला करडा, पांढरा. तुम्हाला हवी असलेली रेघ कोणत्या ढिगात आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना काय आहे? रेघही मधली करडी आणि शेजारही मधला करडा असेल, तर जागा बदला किंवा उजेड बदलायची वाट बघा.

हाच विचार ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन फोटोग्राफरांनी १९४० च्या सुमारास झोन सिस्टीममध्ये शिस्तीत बसवला. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत ० ते १० असे ११ झोन, मधोमध झोन ५, म्हणजे १८ टक्के प्रकाश परत फेकणारा करडा. नवशिक्याला ११ झोन पाठ करायची गरज नाही. पण यातून एक उपयोगाची गोष्ट कळते. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर दिसेल ते त्या मधल्या करड्याकडे ओढतो. फ्रेमभर पांढरी भिंत असेल तर ती मळकट येते आणि फ्रेमभर काळा दरवाजा असेल तर तो फिकुटलेला. भिंतीसाठी एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, १ स्टॉप (दुप्पट) वाढवून आणि दरवाजासाठी १ स्टॉप (निम्मा) कमी करून बघा, आणि हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतल्या उजळ-गडद छटांच्या आलेखावर, नजर ठेवा.

पायरी ३: रेघ शोधा, आणि सावलीला विसरू नका

नवीन माणूस रेघ शोधायला निघाला की रूळ, पूल आणि रस्ते शोधतो. त्यात गैर काही नाही, पण रेघा फार जास्त ठिकाणी असतात. फरशीचे सांधे, पडद्याच्या चुण्या, पाण्याचा ओघळ, पुढे केलेला हात. एका ओळीत ठेवलेल्या खुर्च्याही रेघच, कारण नजर ठिपके आपसूक जोडते. माणूस जिकडे बघत असेल तिकडे आपणही बघतो, म्हणून नजरेची न दिसणारी रेघही धरायची.

आडवी रेघ निवांत असते, उभी ताठ असते, तिरकी अस्वस्थ करते. रशियन फोटोग्राफर अलेक्झांडर रॉडचेन्कोने १९३० च्या सुमारास काढलेला पायऱ्यांचा फोटो शोधून बघा. मूल घेतलेली बाई पायऱ्या चढते आहे, प्रसंग इतकाच. पण पायऱ्यांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सबंध फ्रेममधून तिरक्या गेल्या आहेत आणि त्यामुळे त्या साध्या चढण्याला केवढा जोर आला आहे!

सावलीवर जरा थांबतो, कारण कृष्णधवल फोटोत तिचा दर्जाच वाढतो. रंगीत फोटोत सावली ही वस्तूच्या मागे लागलेली गोष्ट असते. रंग गेले की वस्तू आणि सावली एकाच काळ्या शाईत काढल्यासारख्या होतात, आणि कधीकधी सावलीच वरचढ ठरते. अमेरिकन फोटोग्राफर पॉल स्ट्रँडच्या १९१५ सालच्या, न्यूयॉर्कमधल्या वॉल स्ट्रीटच्या फोटोत माणसं अगदी लहान आहेत. त्यांच्यामागे इमारतीचे प्रचंड काळे चौकोन उभे आहेत आणि माणसांच्या पायांशी लांबच लांब सावल्या पसरल्या आहेत. त्या सावल्या काढून टाकल्या तर माणसांची चाल थांबेल.

सावलीच्या लांबीचं गणित सोपं आहे. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो तेव्हा सपाट जमिनीवर सावली वस्तूच्या उंचीइतकी पडते. ३० अंशांवर ती उंचीच्या जवळजवळ पावणेदोन पट होते आणि १५ अंशांवर पावणेचार पट. दिवसाच्या दोन्ही टोकांना सूर्य खाली असताना ही लांबी मिनिटागणिक बदलते. मनासारखी जागा सापडली पण सावली आखूड असेल, तर वेळ लिहून ठेवा आणि पुन्हा या.

पायरी ४: रेघेला मुक्काम द्या

माझ्या मते सगळ्यात जास्त फोटो इथे फसतात. लांब जाणारी सुंदर रेघ सापडते, आपण ती मन लावून टिपतो आणि तिच्या टोकाला काहीच नसतं. बघणाऱ्याची नजर उत्साहाने धावत जाते आणि रिकाम्या हाताने परत येते. दारापर्यंत बोलावून दार न उघडल्यासारखं आहे हे.

मुक्काम म्हणजे माणूसच हवा असं नाही. उजेडाचा एक तुकडा चालतो, उघडं दार चालतं, झाड चालतं, दाट काळोखही चालतो. अट एवढीच की तिथला छटांचा फरक फ्रेममधल्या इतर भागांपेक्षा जास्त ठळक असावा, कारण नजर सर्वांत उजळ जागेकडे आणि सर्वांत तीव्र फरकाकडे ओढली जाते. रेघ डावीकडे नेते आहे आणि उजव्या कोपऱ्यात पांढराशुभ्र कागद पडला आहे, तर रेघ हरते आणि कागद जिंकतो.

मुक्काम नसेल तर तो येईपर्यंत थांबायचं. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँचा फ्रान्समधल्या इएर गावातला १९३२ सालचा फोटो याचा उत्तम धडा आहे. जिन्याच्या वरून काढलेला फोटो. कठडा गोल वळत खाली उतरतो आणि आपल्याला रस्त्यावर आणून सोडतो, आणि नेमका तिथून एक सायकलस्वार निघून जातो आहे, वेगामुळे पुसट झालेला. पायऱ्या आणि कठडा जागचे हलणारे नव्हते, सायकल क्षणाची होती. नवशिक्याने हा क्रम मनावर घ्यावा. आधी रचना बांधून ठेवायची, मग त्यात कोणी येण्याची वाट बघायची. कोणी दिसलं म्हणून धावत सुटलात, तर मागची रेघ हमखास डोक्यातून किंवा मानेतून आरपार गेलेली सापडते.

पायरी ५: गुडघे वापरा

रेघेचा कोन तुमच्या हातात असतो, आणि त्यासाठी झूम लागत नाही. जमिनीवरची एक सरळ रेघ घ्या, उदाहरणार्थ फरशीची कड, जी तुमच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवरून समोर लांब जाते आहे. कॅमेरा समोर सरळ धरा. तुम्ही उभे आहात आणि कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर आहे. उंची रेघेच्या अंतराच्या तिप्पट, म्हणून फोटोत रेघ जवळजवळ उभी दिसते. आता गुडघ्यावर बसा आणि कॅमेरा अर्ध्या मीटरवर आणा. उंची आणि अंतर सारखं झालं, रेघ बरोबर ४५ अंशांत झुकली. आणखी खाली जा, ती आडवी पसरू लागेल. पायाची जागा तीच आणि लेन्सही तीच, पण फोटो तीन वेगवेगळे. तसंच उभं राहून एक पाऊल डावीकडे सरकलात तरी रेघ कलते, कारण तिचं तुमच्यापासूनचं अंतर वाढलं.

वळणदार रेघेचं मात्र उलट असतं. नदी, पायवाट, घाटातला रस्ता, यांची वळणं खाली बसून एकमेकांवर चेपली जातात आणि पट्टीसारखी दिसतात. वळण उलगडायला उंची हवी. ॲडम्सच्या १९४२ सालच्या, अमेरिकेतल्या टेटन पर्वताच्या फोटोत स्नेक नदी नागमोडी जाते आणि नजरेला ढगाळ शिखरांपर्यंत पोचवते. वरून बघितल्यामुळेच ते नागमोडी वळण पूर्ण दिसतं. नदी स्वतः उजळ आणि काठ गडद, म्हणजे छटांची हद्दही चोख. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवरच्या चित्रांत हा फोटो आहे.

आता हे सगळं एका साध्या जिन्यावर करून बघू. खाली तुम्ही, बाजूने वर जाणारा लोखंडी कठडा, वरच्या लँडिंगवर खिडकी. पहिला फोटो सगळेच उभ्याने काढतात. कठडा फ्रेमच्या मधोमध येतो, मागे करडी भिंत, खिडकी एका बाजूला पडलेली. दुसऱ्या फोटोसाठी कठड्याजवळ इतके जा की त्याची जवळची मूठ खालच्या कडेजवळ मोठी दिसेल. कठडा आता खालून शिरून वर निमुळता होत जातो, पण गडद लोखंड गडद पायऱ्यांवर पडल्यामुळे मध्येच हरवतो. तिसऱ्यासाठी वाका. कठड्याची वरची कड पायऱ्यांवरून उचलली जाते आणि उजळ भिंतीवर येते. काळी रेघ, फिकट पार्श्वभूमी, आता ती पूर्ण वाचता येते. चौथ्यासाठी अर्धं पाऊल सरका, म्हणजे तिचं वरचं टोक खिडकीच्या चौकटीला जाऊन भिडेल. खिडकीबाहेरचं आकाश पार पांढरं पडत असेल तर एक्स्पोजर कमी करा. पाचव्यासाठी थांबा. कोणीतरी वर जाईल आणि खिडकीसमोर त्याची काळी आकृती होईल. या पाच फोटोंना दहा मिनिटं लागतील. पण पहिला आणि पाचवा शेजारी ठेवून बघा.

लेन्सबद्दल थोडंच सांगतो. रेघा किती वेगाने एकत्र येतात हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. वाइड लेन्स तुम्हाला रेघेच्या अगदी जवळ उभं राहू देते, म्हणून तिच्यातून जवळचं अवाढव्य आणि लांबचं इवलंसं दिसतं. २४ मिमी लेन्स असेल तर पुढे जाऊन वाका, लांबून काढाल तर रेघ केविलवाणी दिसेल. ८५ मिमी किंवा त्याहून लांब लेन्स रेघा दाबून थरांसारख्या दाखवते. जवळपासून लांबपर्यंत रेघ स्पष्ट हवी असेल तर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात लेन्सचं छिद्र लहान, एफ/८ ते एफ/११, ठेवा आणि अंधारात ट्रायपॉड घ्या. मोबाइलच्या लहान सेन्सरमुळे ही काळजी आपोआप मिटते.

पायरी ६: कडा तपासा

शटर दाबण्याआधी नजर फ्रेमच्या चारही कडांवरून एकदा फिरवा. रेघ कुठून आत येते? बरोबर कोपऱ्याच्या टोकातून आली तर फ्रेम कापल्यासारखी वाटते. कोपऱ्यापासून किंचित सरकवून आत घ्यावी, मला तेच रुचतं. रेघ कुठून बाहेर जाते? ती मुख्य विषयाला टाळून दुसऱ्या कडेने निसटत असेल तर बघणाराही तिच्याबरोबर निसटेल. दोन तुल्यबळ रेघा दोन दिशांना ओढत असतील तर एक फ्रेमबाहेर ठेवा.

तृतीयांशाचा नियम तुम्ही ऐकला असेलच: फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन सारखे भाग करायचे आणि विषय त्या रेषा जिथे छेदतात तिथे ठेवायचा. हे नाव १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने लिहून ठेवलं, निसर्गचित्रांबद्दल बोलताना. स्क्रीनवरची ग्रिड चालू ठेवा, क्षितिज सरळ ठेवायला तरी तिचा उपयोग होतो. पण विषय छेदबिंदूवर बसवायच्या नादात रेघ मोडू देऊ नका. दोन्ही बाजूंनी सारख्या असलेल्या बोळात किंवा बोगद्यात विषय मधोमधच शोभतो. तिथे मात्र बोटभरही इकडेतिकडे खपत नाही.

पायरी ७: रंगांवरून छटा ठरवा

आता त्या जपून ठेवलेल्या रंगांचं काम. कृष्णधवल करताना नुसतं सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) शून्यावर आणू नका. एडिटिंग ॲपमध्ये कृष्णधवल मिक्स किंवा तशा नावाचे प्रत्येक रंगाचे वेगळे स्लायडर असतात. माझ्या त्या बाकाचा फोटो तिथेच वाचला. लाल वर नेला, हिरवा थोडा खाली, आणि फळ्या गडद पानांतून उजळून वर आल्या. फिल्मच्या काळात हेच काम लेन्ससमोरच्या रंगीत काचा करत. फिल्टर आपल्या रंगाच्या वस्तू उजळतो आणि विरुद्ध रंगाच्या गडद करतो. १९२७ साली हाफ डोम हा कडा टिपताना ॲडम्सने पिवळ्या फिल्टरने एक फोटो काढला, मग गडद लाल फिल्टर लावून दुसरा. लाल फिल्टरने निळं आकाश जवळजवळ काळं केलं आणि कड्याची धार त्यावर लखलखीत उठली. स्लायडरने हे करताना हात आवरता ठेवा. निळा फार खाली ओढला की आकाशात दाणे दिसायला लागतात आणि कड्यांना पांढरी किनार येते.

नंतर डॉज आणि बर्न, म्हणजे फोटोतले ठरावीक भाग उजळणं आणि गडद करणं. मुक्कामाची जागा किंचित उजळा, कडांवरच्या नको त्या उजळ जागा दाबा, आणि रेघ जिथे पुसट होते तेवढाच तुकडा सावरा. नसलेली रेघ मात्र इथे तयार होत नाही.

पायरी ८: फोटो उलटा करून बघा

फोटो स्क्रीनवर उलटा फिरवा. मोठ्या प्लेट कॅमेऱ्यांच्या मागच्या काचेवर चित्र उलटंच दिसायचं, आणि त्यामुळे फोटोग्राफरला चेहरा किंवा घर दिसण्याआधी आकार दिसत. उलट्या फोटोत तुमची नजर आधी कुठे जाते? मुक्कामावर जात असेल तर रचना नीट उभी आहे. भलतीकडे जात असेल तर तिथे काय उजळ आहे ते शोधा. मग फोटो अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. रेघ तरीही दिसली पाहिजे.

सरावासाठी या आठवड्यात एकच रेघ निवडा. रोजच्या येण्याजाण्यातली, साधी, तुम्हाला कंटाळा आलेली. सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी मिळून तिचे २४ फोटो काढा, लेन्स एकच ठेवून. आठ उभ्याने, आठ गुडघ्यावर बसून, आठ जमिनीलगत. एकही फोटो क्रॉप करू नका. मग सगळे एका स्क्रीनवर लहान करून मांडा आणि ज्यांत रेघ अर्ध्यात हरवते ते बाजूला काढा. उरलेल्यांतून टोकाला काहीच नसलेले काढा. शेवटी दोन-तीन राहतील. ते कोणत्या वेळेचे आहेत, कोणत्या उंचीवरून काढलेले आहेत, ते वहीत लिहा आणि पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात करा.